गाडी उभी असते तेव्हा



एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर छापलेले तेच युनिट, एक किलोवॅट-तास. भारतातल्या मध्यम किमतीच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत साधारण चाळीस युनिट मावतात. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने ही गाडी अवघे साडेचार लिटर पेट्रोल पोटात घेऊन निघते आणि बेताने चालवली तर तेवढ्यावर पुण्याहून कोल्हापूरला पोचते. हे कसे जमते? पेट्रोलचे इंजिन मिळालेल्या ऊर्जेतला जवळपास पाऊण हिस्सा उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर टाकते. विजेची मोटर मिळालेल्या विजेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग कामाला लावते. एका युनिटात सहा ते सात किलोमीटर, हा आपल्या रस्त्यांवरचा ढोबळ हिशेब पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आता हेच गणित उलट्या बाजूने. पेट्रोल पंपाची नळी मिनिटाला तीस लिटर ओतते असे धरले, तर ती मिनिटाला पावणेतीनशे युनिट गाडीत भरते. हमरस्त्यावरचा साठ किलोवॅटचा जलद चार्जर मिनिटाला किती युनिट देतो? एक. इंजिनाची उधळपट्टी वजा केली तरी पंप साठ-सत्तर पटींनी पुढे राहतो. पंपाशी शर्यत लावून इलेक्ट्रिक गाडी कधीच जिंकणार नाही, आणि तिचे बहुतेक टीकाकार तिला नेमके याच शर्यतीत उभे करतात. पण पेट्रोलची गाडी फक्त पंपावरच भरता येते. इलेक्ट्रिक गाडी जिथे उभी असेल तिथे, मालक झोपलेला असताना भरता येते. आणि खासगी गाडी दिवसाचा बहुतेक वेळ काय करते? उभी असते.

म्हणून घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो गाडी किती किलोमीटर धावते हा नव्हे. गाडी रात्री कुठे उभी राहते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर पक्के असेल तर बाकीच्या अडचणी सुटण्याजोग्या आहेत. उत्तर ‘मिळेल तिथे, रस्त्याच्या कडेला’ असे असेल, तर आजच्या घडीला ही गाडी त्या घरासाठी नाही. मुंबईच्या चाळींतून आणि पुण्याच्या पेठांतून राहणाऱ्या हजारो कुटुंबांचे उत्तर हेच आहे, आणि विक्रेते ते सांगत नाहीत.

जागा आहे असे धरून पुढे जाऊ. घरच्या चार्जिंगचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे घरोघरी गिझरसाठी असतो तसा पंधरा अँपिअरचा पॉइंट. गाडीबरोबर मिळणारा पोर्टेबल चार्जर त्यात लावला की तो सुमारे ३.३ किलोवॅटने वीज ओढतो. दुसरा म्हणजे भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर. बहुतेक ग्राहक दुसऱ्याच्या मागे लागतात. गरज किती आहे, हे मोजतो कोण? रोजचा प्रवास चाळीस किलोमीटर धरला तर बॅटरीतून सहा-साडेसहा युनिट खर्च होतात. चार्जिंगमधली दहाएक टक्के घट मिळवली की भिंतीतून सात युनिट घ्यावे लागतात. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर त्याला दोन तास आणि वर काही मिनिटे पुरतात. रात्रीचे आठ तास मिळाले तर दीडशे किलोमीटरची बेगमी होते. मोठी बॅटरी, रोजची मोठी धाव किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील तरच भिंतीवरचा चार्जर खरा कामाला येतो. त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, तो खर्च वेगळा.

मात्र हा साधा पॉइंट दिसतो तितका साधा नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. गिझर वीस मिनिटे चालतो आणि बंद होतो. बॅटरी बरीच उतरलेली असेल तर गाडी तेवढाच प्रवाह आठ-नऊ तास सलग ओढते. ज्या वायरने, ज्या सॉकेटने वर्षानुवर्षे गिझरची तक्रार केली नाही, ती गाडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तापू लागते. सॉकेटच्या आतला एखादा सैल स्क्रू प्लास्टिक वितळवायला पुरतो. म्हणून मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर हवी, तांब्याची, किमान चार चौरस मिलिमीटरची आणि अंतर लांब असेल तर त्याहून जाड. तिला स्वतःचा एमसीबी हवा, शॉक जिवावर बेतण्याआधी प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि चांगल्या प्रतीचे औद्योगिक सॉकेट हवे. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पहिल्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर वायरमनला बोलवावे.

आणि अर्थिंग! आपल्याकडे घर बांधताना सर्वांत शेवटी आठवते आणि सर्वांत आधी विसरले जाते ते अर्थिंग. मिक्सर, फ्रिज, टीव्ही त्याच्याशिवाय चालून जातात, त्यामुळे ते नसल्याचे कुणाला कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून सरळ नकार देतो. मालकाला वाटते चार्जर बिघडला. बिघाड जमिनीत असतो. गणपतीला कोकणात गावी जाणाऱ्या चाकरमान्याला हा अनुभव हमखास येतो. घर जुने, अर्थिंग कधीतरी तुटलेले, त्यात सणासुदीला सगळ्या वाडीत दिवे लागले की दाब उतरलेला. दोनशे तीस व्होल्टऐवजी एकशे ऐंशी मिळाले तर त्याच पॉइंटवरून तेहतीसशेऐवजी जेमतेम सव्वीसशे वॅट मिळतात, आणि दाब आणखी घसरला तर चार्जिंग थांबते. गावच्या घरी नवे अर्थिंग घालून घेणे हे काही हजारांचे काम आहे आणि त्याचा उपयोग गाडीपुरता राहत नाही.

आता सोसायटी. घरातल्या चालू वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे. त्याआधी एप्रिल २०१८मध्ये याच मंत्रालयाने खुलासा केला होता की चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, आणि म्हणून चार्जिंग केंद्राला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. शहरविकास मंत्रालयाने २०१९मध्ये आदर्श इमारत उपविधींत बदल सुचवून नव्या इमारतींतल्या वीस टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची तयारी ठेवायला सांगितले. कागदावर हे सगळे नीट आहे. पण चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेचे मीटर आणि स्टिल्टमधले पार्किंग यांच्यामध्ये सोसायटीची सामाईक भिंत असते, आणि भिंतीपलीकडे कमिटी असते.

कमिटीची भीती अगदीच निराधार नसते. वीस गाड्या एकाच वेळी ३.३ किलोवॅटने भरू लागल्या तर सहासष्ट किलोवॅटचा भार होतो; जुन्या इमारतीची मुख्य केबल तो पेलेलच असे नाही. पण वीस गाड्यांची खरी भूक किती? प्रत्येकी सात युनिट, म्हणजे रात्रभरात एकशे चाळीस. आठ तासांत वाटून दिले तर साडेसतरा किलोवॅटमध्ये काम भागते. म्हणजे अडचण विजेची नसून वेळापत्रकाची आहे. बहुतेक गाड्यांमध्ये आणि चार्जरमध्ये सुरू होण्याची वेळ ठरवता येते. कुणी अकराला, कुणी दोनला, एवढे ठरले तरी निम्मा भार उतरतो.

बहुतेक सोसायट्यांत मात्र वेगळेच घडते. पहिला सभासद भांडून आपली केबल खाली आणतो. दुसरा त्याच्याकडे बोट दाखवून आपली आणतो. पाचव्या-सहाव्या केबलपर्यंत मीटररूमचे जाळे झालेले असते आणि सातव्याला कमिटी नाही म्हणते. दुसरी गाडी येताच सर्वसाधारण सभेत विषय घेऊन, सामाईक केबल आणि प्रत्येक जागेला उपमीटर अशी व्यवस्था केली तर एकूण खर्च कमी येतो. उशिरा शहाणपण सुचले की भिंती दोनदा फोडाव्या लागतात.

विजेचे बिल हा पुढचा भाग, आणि इथे जाहिराती फार सैल बोलतात. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी भिंतीतून सुमारे एकशे सत्तर युनिट घेते. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले शंभर युनिट, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यावर. अडीचशे युनिट वापरणाऱ्या घरात गाडी आली की बिल चारशे वीस युनिटांवर जाते. गाडीचे सगळे युनिट घराच्या वापरावर रचले जातात, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यांत जाऊन बसतात. म्हणून किलोमीटरचा खर्च किती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. युनिट आठ रुपयांना पडले तर भिंतीतली घट धरून किलोमीटरला सव्वा ते दीड रुपया. अठरा-वीस रुपयांना पडले तर तीन रुपये किंवा थोडे वर. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला मुंबईच्या दराने सात रुपये लागतात. फरक दोन्हीकडे राहतोच, पण केवढा राहतो हे मीटर ठरवते.

यातून सुटण्याचे मार्ग आहेत. महावितरण असो, बेस्ट असो, अदाणी किंवा टाटा असो, इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी नियामक आयोगाने वेगळी दरश्रेणी ठेवली आहे. गाडीसाठी स्वतंत्र मीटर घेतले की टप्पे लागू होत नाहीत. त्या मीटरचा स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावा लागतो, त्यामुळे कमी धावणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. दुसरा मार्ग छतावरचा. एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. गाडीची सात युनिटांची गरज दोन किलोवॅटमध्ये भागते. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. बंगल्याच्या मालकाला हा सौदा सोपा. सदनिकेत राहणाऱ्याला छत सामाईक. तिसरी गोष्ट दिवसाची. केंद्राच्या २०२३च्या नियमांनी सौर तासांतली वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळची महाग ठेवण्याची दिशा घालून दिली. दुपारी गाडी कुठे असते? कचेरीच्या आवारात, उन्हात उभी. पार्किंगचा प्रश्न रात्रीपुरता नाही तो असा.

किंमत वसूल होण्याचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. हजार किलोमीटरमागे महिन्याला चार ते साडेपाच हजार रुपये वाचत असतील, तर गाडीसाठी जास्त मोजलेले दोन-तीन लाख चार-पाच वर्षांत सुटतात. जीएसटीचा पाच टक्के दर (२०१९च्या ऑगस्टपासून) आणि २०२५च्या राज्य धोरणातली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवरची टोलमाफी याला हातभार लावतात. पण आठवड्यातून एकदा मंडईत आणि महिन्यातून एकदा नातेवाइकांकडे जाणाऱ्या निवृत्त जोडप्याने केवळ बचतीसाठी ही गाडी घेऊ नये. उभी गाडी पैसे वाचवत नाही.

आता लांबचा प्रवास. इथे पंधरा अँपिअरचा पॉइंट कामाचा नाही, जलद चार्जर लागतो. बॅटरी फक्त एकदिश प्रवाह घेते. घरची वीज प्रत्यावर्ती असते. तिचे रूपांतर करणारा छोटा चार्जर गाडीतच बसवलेला असतो, आणि तो छोटा असल्यामुळे वेळ लागतो. जलद चार्जर हे रूपांतर बाहेर, कपाटाएवढ्या यंत्रात करतो आणि थेट बॅटरीला प्रवाह देतो. भारतातल्या आजच्या बहुतेक गाड्यांना सीसीएस-२ प्रकारची गन बसते. यंत्रावर साठ किलोवॅट लिहिले म्हणजे साठ मिळतातच असे नाही. गाडीची मर्यादा पन्नास असेल तर पन्नास मिळतात. एकाच यंत्राच्या दोन गन दोन गाड्यांना लागल्या तर बहुधा प्रत्येकीला तीस. बॅटरी उन्हाने तापलेली असेल तर त्याहूनही कमी. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारचे जलद चार्जिंग रेंगाळते ते यामुळे.

आणि शेवटचे वीस टक्के? रिकाम्या एसटीत माणसे पटापट चढून बसतात, भरत आलेल्या गाडीत शेवटच्या चौघांना जागा शोधायला वेळ लागतो. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत असेच शिरतात. घाई केली तर आत न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचतात आणि बॅटरी कायमची खराब करतात. म्हणून ऐंशी टक्क्यांनंतर गाडी स्वतःच प्रवाह कमी करत नेते. प्रवासात ऐंशीला गन काढून निघणे यात शहाणपण आहे आणि मागे ताटकळणाऱ्याविषयी सौजन्यही. शंभर टक्क्यांचा हट्ट घरी, रात्री करावा.

वेगाचा परिणाम पेट्रोल गाडीपेक्षा इथे जास्त जाणवतो, कारण साठाच लहान. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी एकशे दहाने गेल्यास तो जवळपास दुप्पट होतो. समृद्धीवर १२०ची परवानगी आहे, पण त्या वेगाने एका युनिटात साडेसहा किलोमीटरची अपेक्षा धरू नये. कंपनीच्या पत्रकातला आकडा तर बाजूलाच ठेवावा. पुण्यातल्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेत ज्या चाचणीचक्रावर गाड्या तपासल्या जात, त्यात कमाल वेग ताशी नव्वद होता. २०२०मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. मालकांना रस्त्यावर साधारण दोनशे मिळत. यात फसवणूक नाही, प्रयोगशाळेत बोरघाट नसतो इतकेच.

बोरघाटाचे काय? खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची चढण आहे. माणसांसह सतराशे किलोंची गाडी तेवढी उंच उचलायला जवळपास अडीच युनिट जादा लागतात, म्हणजे सपाटीवरचे पंधरा-सोळा किलोमीटर. भीती वाटावी असे त्यात काही नाही. उतरताना मोटर जनित्र बनते आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग परत बॅटरीत टाकते. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर शंभर टक्के भरलेली गाडी सकाळी पसरणी घाटातून वाईकडे उतरू लागली, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मोटरचा रोध नेहमीसारखा मिळत नाही आणि सवयीने पाय उचलणाऱ्या चालकाला गाडी अनपेक्षित पळताना दिसते. डोंगरावर मुक्काम असेल तर पंच्याऐंशी-नव्वदला थांबावे.

वाहतूककोंडीची भीती मात्र अवास्तव आहे. गाडी उभी असताना मोटर काहीच खात नाही. वातानुकूलनाला तासाला एक ते दीड युनिट लागते. खंडाळ्यात दोन तास अडकले तरी वीस किलोमीटरांहून अधिक पल्ला जात नाही.

महामार्गावरचे खरे संकट वेगळे आहे: चार्जर नकाशावर असणे आणि चालू असणे यांतले अंतर. एक यंत्र बंद, दुसऱ्याच्या जागेवर डिझेलची गाडी लावून चालक जेवायला गेलेला, तिसऱ्याला वेगळे अ‍ॅप आणि त्यात आधी पैसे भरायची अट. प्रत्येक अ‍ॅपच्या पाकिटात शंभर-दोनशे रुपये अडकून पडलेला मालक ओळखीचा झाला आहे. यावर एकच पथ्य टिकते. ठरवलेल्या चार्जरवर पोचताना त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाण्याइतके युनिट शिल्लक हवेत. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर हे पथ्य सहज पाळता येते. आडरस्त्याला आधी नकाशा, मग बॅग. आणि गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर रांगेचा तासभर गृहीतच धरावा.

देखभालीविषयी फार बोलण्यासारखे नाही, कारण फार करावे लागत नाही. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. ब्रेकचे पॅड मोटरच्या रोधामुळे जास्त टिकतात. टायर मात्र वजनामुळे आणि पहिल्या झटक्याच्या जोरामुळे लवकर झिजतात. आश्चर्य वाटेल, पण मोठी बॅटरी भरलेली असताना गाडी दारात मरून पडते ती साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीमुळे. दरवाजे, संगणक आणि मोठ्या बॅटरीचा स्विच तिच्यावर चालतात. तिचे वय लक्षात ठेवावे. ओढून नेण्याची वेळ आली तर ट्रकवर चढवूनच न्यावी. मोटरची चाके जमिनीवर फिरू देऊ नयेत.

पावसाविषयी दोन शब्द. बॅटरीला बहुधा आयपी-६७ दर्जा असतो. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तिची चाचणी झालेली असते. पावसात चार्ज करायला हरकत नाही. पण मुंबईच्या २६ जुलै २००५सारख्या पुरात गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. पाण्यात बुडून निघालेली गाडी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावणे धोक्याचे.

उरली बॅटरी. बहुतेक कंपन्या तिला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. तिचे आयुष्य खाणाऱ्या गोष्टी दोन, उष्णता आणि टोकाच्या पातळीवर पडून राहणे. महिनाभर परगावी जायचे असेल तर ती निम्म्यावर ठेवून जावे. रसायनाप्रमाणे पथ्य थोडे बदलते. निकेल असलेल्या बॅटरीला रोज ऐंशीपर्यंत भरणे मानवते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. तिचा दाब चढता-उतरता जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती भरली आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. तो जागेवर आणण्यासाठी तिला अधूनमधून घरच्या सावकाश चार्जिंगवर शंभरपर्यंत नेतात. कोणती बॅटरी आहे हे पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडलेली असते.

जुनी गाडी घेणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यापेक्षा बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल आधी मागावा. अधिकृत सेवा केंद्र तो काढून देऊ शकते. हमी नव्या मालकाकडे जाते का, हे लेखी पाहावे, कारण काही वाढीव हम्या फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात. मागच्या डिकीत पोर्टेबल चार्जर आहे ना, तो चालतो ना, हे पाहावे. आणि शक्य असेल तर गाडी एक रात्र स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या पॉइंटवर लावून सकाळी मीटर वाचावे.